इतोएचा हात

घड्याळ ठेवा, तासाभरात करून देते. पट्टाही निवृत्तीला आलाय त्याचा, पण ते तुमचं तुम्ही बघा. ही कॅसेट मात्र परत खिशात घाला. गेमच्या कॅसेटींचं काम मी घेत नाही.

येत नाही असं नाही. या जुन्या कॅसेटींच्या पोटात एक चपटा सेल असतो, घड्याळात असतो तसाच, जरा मोठा. वीस-पंचवीस वर्षं तो बिचारा एवढंच करतो, खेळणाऱ्याने कुठवर मजल मारली ते लक्षात ठेवतो. तो संपला की कॅसेट सगळं विसरते. जुना काढायचा, नवा बसवायचा, दोन ठिकाणी कथलाचा डाग द्यायचा. चाळीस वर्षं घड्याळांत डोकं घातलेल्या बाईच्या डाव्या हातचा मळ आहे तो.

तरी घेत नाही. तोयामाची गाडी बर्फात अडकलीये ना तुमची? मग बसा, स्टोव्ह जवळ ओढून घ्या. चहा टाकते. एक करा फक्त, त्या भिंतीला टेकू नका. पलीकडचं घर दोन वर्षं रिकामं आहे, तरी नकोच.

पलीकडे होसोया नवरा-बायको राहायचे. तांदळाचे गोळे करून विकायचे, साधे, शेंगदाण्याचे, आत गोड पुरण भरलेले. गावात बाकी सगळ्यांनी मशीन घेतली तरी हे दोघं हातानेच कुटायचे. पहाटे साडेपाचला सुरू. होसोया-सान लाकडी घण उचलायचे आणि उखळातल्या वाफाळत्या भातावर मारायचे, धप्. घण वर गेला की तेवढ्या फटीत इतोए ओला हात उखळात घालायची आणि गोळा उलटायची, चप्. धप्, चप्, धप्, चप्. एकतीस वर्षं मला गजर लावावा लागला नाही, आणि मी घड्याळवाली.

माझा नवरा गेला त्या वर्षी तर मी त्या आवाजाला धरूनच अंथरुणातून उठत होते. उठावंसंच वाटायचं नाही हो. पण भिंतीपलीकडे दोन माणसं कामाला लागलीत म्हटल्यावर पडून राहायची लाज वाटायची. हे मी इतोएला कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

आता तो गेम. त्यांची मुलगी मानामी, लग्न होऊन ओसाकाला गेली, तिच्या कप्प्यात तो राहिला होता. हातात मावेल एवढं यंत्र, आणि त्यात ही तालाची कॅसेट. छोटे छोटे खेळ सगळे गाण्यावर चालणारे. गॅलरीत टाकलेल्या गाद्या तालावर बडवायच्या, रांगेतल्या मांजरांना ओळीने शिंका आणायच्या, बोटीवरून उडणारे मासे टोपलीत झेलायचे. बटण एकच, पण वेळेवर दाबायचं. इतोएला सत्तरीत त्याचं वेड लागलं. गिऱ्हाईक नसलं की गल्ल्यामागे बसून मांजरांना शिंकवायची.

त्यात एक खेळ उखळाचा होता. दोन ससे, एक घण मारणारा, एक गोळा उलटणारा. इतोए अर्थातच उलटणारा ससा घ्यायची. आणि गेम तिला दरवेळी शेरा द्यायचा, "ठीकठाक. ताल जरा सांभाळा."

"बघा मिसाओ-सान," ती मला दाखवायची, "पन्नास वर्षं हेच केलं, आणि हा ससा मला नापास करतोय."

"तुम्ही उशीर करता," मी म्हणायचे.

"आणि तुम्ही घाई. तुमच्या घड्याळांसकट."

ते मात्र खरं आहे. मी खेळले की बोट आधीच पडायचं. शाळेत गायचे तेव्हाही सगळ्यांच्या पुढे असायचे.

त्या गेमची एक गंमत होती, ती नीट ऐका, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. कोणी खेळलं की तो त्याचा हात जपून ठेवायचा. म्हणजे बटण कधी दाबलं, किती आधी, किती उशिरा, सगळं. मग दुसऱ्या कोणाला त्या जपलेल्या हाताबरोबर खेळता यायचं. उलटणारा ससा तुमच्याशी अगदी त्या माणसासारखा वागायचा. यादीत नाव दिसायचं. त्या कॅसेटमध्ये एकच नाव होतं, इतोए.

जानेवारीत ती गेली. बर्फ काढायला बाहेर गेली होती, फावडं भिंतीला नीट उभं करून ठेवलेलं आणि ती शेजारी बसलेली. मला आधी वाटलं दमली असेल.

आमच्याकडे एकोणपन्नास दिवस गेलेलं माणूस घर सोडत नाही म्हणतात. छपराखालीच असतं. अस्थी पांढऱ्या कापडात गुंडाळून घरातच ठेवतात, रोज पाणी, रोज भात. एकोणपन्नासाव्या दिवशी तांदळाचे एकोणपन्नास गोळे करून ठेवायचे, मग अस्थी कबरीत आणि माणूस आपल्या वाटेला. बाकीचे लोक हे गोळे विकत आणतात. आणायचे कुठून, तर होसोयांच्या दुकानातून.

आणि होसोया-सान तर हातात घणच धरत नव्हते. दुकान बंद, पहाटे शांत. मी डोळे उघडून पडलेली असायचे, आणि साडेपाचला काहीच व्हायचं नाही. त्या शांततेने जाग यायची मला.

त्रेचाळिसाव्या दिवशी ते माझ्याकडे आले. अंगावर बर्फ, आणि कोटाच्या आत छातीशी धरलेला तो गेम.

"हा काहीतरी म्हणतोय," त्यांनी पडदा माझ्यासमोर धरला. "चष्म्याने पण नीट वाचता येत नाही. की वाचायचं नाहीये मला, कोण जाणे."

मी वाचलं. आतला सेल संपत आलाय, जपलेलं सगळं लवकरच पुसलं जाईल, असं लिहिलं होतं.

"ही आहे यात," ते हळू म्हणाले. "रोज दोनदा खेळतो तिच्याशी. मी घण मारतो, ती उलटते. तुम्ही हसाल."

"हसायला काय झालं?"

"रविवारी एकोणपन्नास होतात. तिच्यासाठीचे गोळे मशीनचे? शेजारच्या गावातून आणलेले?" त्यांनी मान हलवली. "मी हातानेच कुटणार. पण दुसऱ्या कोणाचा ताल मला जमत नाही मिसाओ-सान. पन्नास वर्षांत दुसरा हात त्या उखळात गेलाच नाही. हा गेम शेजारी ठेवला, आवाज मोठा केला, तर तिच्या तालावर मारीन मी. तेवढं एकदा. सेल बदला, पण तिला जाऊ देऊ नका."

मी म्हटलं, चिंता करू नका. असं आपण किती सहज म्हणतो.

काम कठीण नव्हतं. जुना सेल काढायच्या आधी बाहेरून दुसरा सेल दोन तारांनी जोडून ठेवायचा, म्हणजे मधल्या वेळात कॅसेट काही विसरत नाही. मी जोडला, चिमटे लावले, भिंग डोळ्याला, जुना सेल अलगद सोडवला. नवा चिमट्यात धरला होता. तेवढ्यात रस्त्यावर रॉकेलची गाडी आली. ती आपलं ते गाणं वाजवत येते ना हिवाळ्यात, तुमच्याकडेही येत असेल. माझा कॅन रिकामा होता. मी नुसती मान वर केली. नुसती मान. कोपर तारेला लागलं आणि एक चिमटा निसटला.

लगेच लावला मी परत. दोन सेकंदही नसतील झाले.

नवा सेल बसवला, डाग दिला, कॅसेट बंद करून गेममध्ये घातली. सशांचा खेळ उघडला. यादी उघडली. "कोणाचाही हात जपलेला नाही."

मी बंद करून पुन्हा उघडलं. पुन्हा तेच.

रॉकेलची गाडी निघून गेली होती. एखाद्याचं घड्याळ बिघडवलं तर भरून देता येतं. हे कसं भरून देणार मी? आणि त्या माणसाला कोणत्या तोंडाने सांगणार, की तुमची बायको माझ्याकडे ठेवायला दिलीत आणि मी रॉकेलच्या नादात घालवली?

मग मी जे केलं ते चांगलं नाही केलं. पण केलं. यादीत नाव टाकायला जागा होती, तिथे मी "इतोए" लिहिलं, आणि स्वतः खेळायला बसले.

तो ताल मला पाठ होता. एकतीस वर्षं भिंतीतून ऐकलेला. तिचा चप् जरासा उशिरा यायचा, आणि नऊ घाव झाले की एक घाव रिकामा जायचा, मग पुन्हा सुरू. ती हात ओला करत असणार, असं मी धरून चालले होते. तेच बोटाने करायचं होतं. पण माझं बोट ऐकेना. पहिल्या वेळेस गेम म्हणाला, "फारच लवकर." दुसऱ्या वेळेस तेच. उशीर करणं किती अवघड असतं, आणि घड्याळवालीला तर विचारूच नका. अकरा वेळा खेळले. डोळे मिटून घेतले, भिंतीला पाठ लावली, मनात तिचा हात आणला, तेव्हा कुठे शेरा आला, "ठीकठाक. ताल जरा सांभाळा."

तो शेरा बघून मला रडू आलं. दुपारचे तीन वाजले होते, दुकानात मी एकटी, आणि एका सशाने ठीकठाक म्हटलं म्हणून रडत होते.

होसोया-सान पाच वाजता आले. घरी न्या म्हटलं तर ऐकेनात, इथेच, तुम्ही बसलाय त्या स्टुलावर बसून उघडलं. मी पाठ करून काच पुसत राहिले. कानात प्राण आणून.

धप्, चप्. धप्, चप्. माझाच हात. जरा लवकर, नाही म्हटलं तरी. मी मनात मोजत होते. सात, आठ, नऊ. आता रिकामा घाव.

टक.

बारीक आवाज. बोटाचं टोक दगडावर वाजावं तसा. मी काच पुसायची थांबले. मी तसलं काही वाजवलं नव्हतं. रिकाम्या जागी मी बोट वरच ठेवलं होतं, अकराच्या अकरा वेळा.

पुन्हा धप्, चप्. नऊ झाले. पुन्हा टक. आणि आता चप् लवकर येत नव्हता. उशिरा येत होता. जेवढा यायला हवा तेवढाच.

मी वळून पाहिलं. होसोया-सानांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते.

"ते... टक कसलं आहे?" मी विचारलं.

"तुम्हाला भिंतीतून ऐकू येत नसणार," ते म्हणाले. "लग्नाच्या पहिल्या वर्षी माझा घण तिच्या बोटांवर पडला. दोन बोटं वाकडी होती बघा तिची. त्यानंतर आम्ही ठरवलं. नऊ झाले की ती उखळाच्या काठावर बोट वाजवणार. टक म्हणजे थांबा, हात ओला करते. टक झालं की मी घण वरच धरायचा, काहीही होवो. त्याच टकवर हा गेम तिला नापास करायचा."

"आणि... तुम्हाला ते आत्ता ऐकू आलं?"

"तुम्हाला नाही आलं?"

"आलं," मी म्हटलं.

स्टोव्ह पेटलेला होता आणि माझी बोटं गार पडली होती. भीती वाटली का विचाराल तर वाटली. पण नुसती भीती नव्हती. कोणीतरी माझी चूक हळूच बाजूला सारून तिथे स्वतः येऊन बसलं होतं, न बोलता, तिच्या स्वभावाप्रमाणे. शिवणात माझा टाका चुकला की ती असंच करायची.

जाताना ते दारात थांबले. "रविवारी गोळा उलटायला कोणीतरी लागेल. गेमला हात नाहीत. तुम्ही याल?"

"मी? होसोया-सान, माझा ताल..."

"तिच्या तालावर हात घाला. मी तिच्या तालावर मारतो. आपण दोघं तिचं ऐकायचं."

"आधी मला तुम्हाला काही सांगायचंय."

"रविवारी सांगा," ते म्हणाले आणि छत्री उघडली.

रविवारी सकाळी मी गेले. दुकानात खूप दिवसांनी वाफ होती, तांदळाचा तो गोडसर वास. मागच्या खोलीत पांढऱ्या कापडातला कलश, तिचा फोटो, फोटोत ती कॅमेऱ्याकडे न बघता बाहेर कुठेतरी बघतेय. मानामी देवळात पुढची तयारी करायला गेली होती. आम्ही दोघंच. होसोया-सानांनी गेम एका लाकडी पेटीवर उखळाशेजारी ठेवला, आवाज पुरा मोठा.

"बोटं आखडू नका," ते म्हणाले. "आणि मला बघू नका. घणाकडे बघितलं की माणूस घाबरतो."

"मी आधीच घाबरलेय."

"मग अर्धं काम झालं."

भात उखळात पडला. त्यांनी घण उचलला. पडद्यावरचे ससे हलायला लागले.

धप्. मी हात घातला, भाजलं, उलटलं. चप्. धप्. चप्. पहिल्या दोन-तीन घावांना जीव मुठीत होता. मग काय झालं कोण जाणे, गेममधला चप् आणि माझ्या हाताचा चप् एकच व्हायला लागला. मी घाई करत नव्हते. जन्मात पहिल्यांदा मी घाई करत नव्हते. नववा घाव, टक, ते घण वर धरून उभे, मी हात शेजारच्या कोमट पाण्यात बुडवला. पुन्हा धप्. मागच्या खोलीतला फोटो मला कोनातून दिसत होता. मला इतकं बरं वाटत होतं की सांगता येत नाही. आम्ही तिघं काम करत होतो. दुसरे शब्दच नाहीत माझ्याकडे.

तिसऱ्या फेरीत होतो. एक, दोन, तीन, चार. चौथा धप् झाला, घण वर गेला, मी हात पुढे केला.

टक. टक टक.

चार म्हणजे नऊ नव्हे. पण माझा हात काठावरच थांबला, आणि होसोया-सानांचे हात पन्नास वर्षांच्या सवयीने वरच्या वर थांबले. दोघंही तसेच, श्वास रोखून.

आणि घणाचं डोकं, ते एवढं मोठं लाकूड, दांड्यावरून सुटलं. वरून सरळ खाली आलं. उखळात, गोळ्याच्या बरोबर मधोमध, जिथे माझा हात जाणार होता तिथे. उखळ हाललं. गरम भात माझ्या तोंडावर उडाला.

होसोया-सान हातातल्या नुसत्या दांड्याकडे बघत होते.

"भिजवला नाही मी," ते म्हणाले. "घण आदल्या दिवशी पाण्यात ठेवायचा असतो. लाकूड फुगतं, दांडा घट्ट धरतं. तिचं काम होतं ते. कधी सांगावं लागलं नाही, म्हणून कधी लक्षातच... मिसाओ-सान, तुमचा हात..."

"आहे," मी म्हटलं. "दोन्ही आहेत."

मग मी गेमकडे पाहिलं. आवाज बंद झाला होता. पडद्यावर एक ससा घण वर धरून उभा होता, आणि दुसऱ्याचा पंजा उखळाच्या काठावर टेकलेला. अकरा वेळा खेळलेय मी तो खेळ. असं चित्र त्यात नाही.

तिथेच, तोंडाला भात लागलेला असताना, मी त्यांना सगळं सांगितलं. रॉकेलची गाडी, निसटलेली तार, खोटा हात. मान वर करवत नव्हती.

"माहीत आहे मला," ते म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"पहिल्या दिवशीच कळलं. पहिले आठ-नऊ घाव तुमचा हात होता. तुम्ही लवकर येता. गिऱ्हाइकाने तोंड उघडायच्या आत उत्तर देता तुम्ही, मला तुमचा हात ओळखू येणार नाही?" ते पेटीवर बसले, गेम मांडीवर घेतला. "नवव्यानंतर तो तुमचा नव्हता."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो आणि ती गेली असती तर?"

मी तोंडावरचा भात पुसला.

दुसरा एक जुना घण माळ्यावर होता. गरम पाण्यात बुडवून ठेवला, तो फुगेपर्यंत भात पुन्हा वाफेवर. नंतरचं कुटणं आम्ही गेमशिवायच केलं, हळूहळू, ते एकेक घावाला "हं?" विचारत आणि मी "हं" म्हणत. एकोणपन्नास गोळे झाले. वाकडेतिकडे झाले, इतोएने गिऱ्हाइकाला दिले नसते. पण झाले.

दुपारी अस्थी कबरीत ठेवल्या. परत आल्यावर होसोया-सानांनी माझ्यासमोर गेम उघडला. यादीत काही नव्हतं. तिचं नाव नव्हतं, माझा खोटा हातही नव्हता. नवा सेल, माझ्या हातचा डाग, सगळं ठणठणीत, आणि यादी कोरी.

"गेली म्हणजे," ते म्हणाले. मग तोंडावर टॉवेल धरून लहान मुलासारखे रडले, आणि मीही त्यांच्या पाठीवर हात ठेवून रडले. वेळेवर गेली, नीट गेली, याचंच ते रडणं होतं. मला तरी तेव्हा तसंच वाटलं.

त्यानंतर दुकान उघडलं नाही. दीड वर्ष ते माझ्याकडे रोज संध्याकाळी चहाला यायचे, माझ्या घड्याळांना नावं ठेवायचे. त्यांचं सगळं संथ होतं, बोलणंसुद्धा. दोन वर्षांपूर्वीच्या शरदात तेही गेले, झोपेत. मानामीने उखळ देवळाला दिलं. घण दोन्ही गेले. गेम मला दिला, म्हणाली, मावशी, तुमच्याकडेच असू दे. तो इथेच आहे, खालच्या कप्प्यात. पेन्सिल सेल काढून ठेवलेत मी. कॅसेटही काढून वेगळी ठेवलीये.

चहा घ्या, गार होतोय.

गेल्या नोव्हेंबरात पहिला बर्फ पडला, त्या पहाटे साडेपाचला मला जाग आली. शांततेने नाही. भिंतीपलीकडे सुरू होतं. धप्, चप्. मी उशीला कान लावून ऐकलं, बराच वेळ. घाबरले, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. पण त्यात एक फरक होता. पूर्वी धप् आणि चप् एवढंच असायचं. आता धप्, चप्, आणि मग एक मात्रा रिकामी. प्रत्येक घावानंतर. धप्, चप्, आणि जागा सोडलेली. कुटायला तीन माणसं असली की असा ताल धरतात. कोणाला तरी यायचं असतं तेव्हा.

रोज होतं. आता मला सवय झालीये. पण कधी लक्षात आलं माहीत नाही, अर्धवट झोपेत माझं बोट त्या रिकाम्या जागी पांघरुणावर पडायला लागलं होतं. मी पाडत नाही. पडतं. आणि माझंच बोट ते, नेहमीप्रमाणे लवकर पडतं. लवकर पडलं की लगेच भिंतीतून येतं, टक.

थांबा.

इतकं हळू, इतक्या मायेने येतं ते. शिवणातला चुकलेला टाका उसवावा तसं. मी ओशाळते आणि पुन्हा ऐकत राहते. नोव्हेंबरात दहातल्या दहा वेळा यायचं. नवीन वर्षाला सात-आठ. मी शिकतेय, काय करणार, एकतीस वर्षं शेजारी राहून शिकले नाही ते आता शिकतेय.

हं, झालं तुमचं घड्याळ. नेहमीपेक्षा लवकर दिलं नाही, बघा, बरोबर तासाभरात. कॅसेट घेऊन जा. दुसरीकडे द्या.

आज पहाटे माझं बोट दरवेळी पडलं, आणि टक एकदाही आलं नाही. मी उठून दिवा लावला तेव्हा हात मनगटापर्यंत ओला होता, आणि पाणी कोमट होतं.